धंद्याच्या खर्चावर मिळालेले कार्डाचे पॉइंट घरच्या विमान तिकिटाला वापरले तर कर लागतो का?

रातांबा
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची थोडी आंब्याची कलमं आहेत. शिवाय वाडीतल्या चार-पाच बागांचा आंबा विकत घेऊन मुंबई-पुण्याला पेट्या पाठवते, आणि घराच्या मागच्या दोन खोल्यांत होमस्टे चालवते. धंदा माझ्या एकटीच्या नावावर, कंपनी वगैरे काही नाही.

गेली दोन वर्षं पुठ्ठ्याचे खोके, कुरियर, फवारणीची औषधं, होमस्टेचे दोन एसी असं सगळं क्रेडिट कार्डावर घेतलं. बिल दर महिन्याला पूर्ण भरते, एक रुपया व्याज दिलेलं नाही. १५० रुपयांना ४ पॉइंट मिळतात. दोन वर्षांत साधारण १८ लाख खर्च झाला आणि ४८,००० पॉइंट जमले. त्यातले पहिले पॉइंट आता मुदत संपून जायला लागतील.

धाकटी बहीण सिंगापूरला असते. आई ७१ वर्षांची, विमानात कधी बसलेली नाही. तिला घेऊन जायचं आहे. माझे दोन प्रश्न:
१. खर्च धंद्याचा दाखवलेला आणि पॉइंट घरच्या प्रवासाला वापरले, तर त्यावर आयकर लागतो का?
२. बँक म्हणते पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत, म्हणजे तिच्या तिकिटांना चालणाऱ्या पॉइंटांत, बदलून घ्या, २ पॉइंटांना १ मैल. ते करावं का?

आमच्या इथे विचारावं असं कोणी नाही. जो भेटतो तो "फुकटचे आहेत, घेऊन टाक" म्हणतो, आणि मला तेवढ्यावर आईला घेऊन निघायचं नाहीये.

सुरुबन
कर नाही. पॉइंट म्हणजे सूट. दुकानदाराने शंभराची वस्तू अठ्ठ्याण्णवला दिली तर ते दोन रुपये तुमचं उत्पन्न होतं का? बिनधास्त वापरा.

आगरातला
माका एक समाजला नाय. पॉइंट मिळवूक आधी १८ लाख घालूचे लागतत, मगे ते फुकट कसे?

रातांबा
@आगरातला दादा, हे १८ लाख असेही जाणारच होते. खोके नाही घेतले तर आंबा पाठवू कशात?

आगरातला
मगे ठीक असा. पॉइंटासाठी खर्च करूचो नाय, इतक्याच माका म्हणूचा होता.

जमाखर्च
चिपळूणला सीए म्हणून काम करतो. सुरुबन यांचं उत्तर घरखर्चाला लागू होतं, धंद्याला ते अर्धंच आहे. सविस्तर लिहितो.

पगारदार माणसाने स्वतःच्या पगारातून किराणा घेतला आणि पॉइंट मिळाले, तर ती खरेदीवरची सूट. खर्च करमुक्त नव्हता, म्हणजे कर भरून उरलेल्या पैशातलेच थोडे परत आले. त्यावर कर मागणारं वेगळं कलम नाही. भेटवस्तूंचं कलम, म्हणजे ५६(२)(एक्स) आणि त्याची ५०,००० ची मर्यादा, इथे ओढून आणायचं कारण नाही. बँक तुम्हाला भेट देत नसते, तुम्ही खर्च केलात म्हणून देते.

धंद्यात गोष्ट बदलते. रातांबाताईंनी १०० रुपयांचे खोके घेतले, पुस्तकात १०० खर्च टाकला, म्हणजे तेवढ्याने नफा आणि कर कमी झाला. मग त्याच खरेदीवर २ रुपये परत आले आणि ते घरी वापरले. खरा खर्च ९८ चा, वजावट घेतली १०० ची. कलम २८(४) म्हणतं की धंद्यातून मिळालेला लाभ, मग तो पैशाच्या रूपात नसला तरी, धंद्याचं उत्पन्न धरायचा. तेव्हा जो नियमित हिशेब ठेवतो आणि खर्चाची पूर्ण वजावट घेतो, त्याने पॉइंट वापरले त्या वर्षी तेवढी रक्कम खर्चातून कमी करावी किंवा इतर उत्पन्नात दाखवावी. मी माझ्या अशिलांना हेच सांगतो.

१९४आर हे टीडीएसचं कलम १ जुलै २०२२ पासून आलं. धंद्यात वर्षाला २०,००० च्या वर लाभ दिला तर देणाऱ्याने १०% कापायचे. पण त्या वेळच्या परिपत्रकातच ग्राहकाला दिलेली सूट त्यातून वगळली आहे. म्हणून साध्या कार्डाच्या पॉइंटांवर बँका सहसा टीडीएस कापताना दिसत नाहीत. मात्र टीडीएस कापला नाही याचा अर्थ कर लागत नाही असा होत नाही. हा घोळ लोक नेहमी करतात.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. मी जुनेच आकडे दिले, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत.

सुरुबन
@जमाखर्च साहेब, मान राखून असहमत. हे कागदावर ठीक. ४८,००० पॉइंटांची रोख किंमत किती? बँका २० पैशाने धरतात. म्हणजे ९,६०० रुपये. तेवढ्यासाठी कोण नोटीस काढणार?

जमाखर्च
@सुरुबन, नोटीस येईल का आणि कर लागतो का हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ताईंनी कर लागतो का हे विचारलं आहे. शिवाय किंमत २० पैसेच का धरायची? त्याच पॉइंटांनी बँकेच्या संकेतस्थळावर विमान तिकीट घेतलं तर बऱ्याच कार्डांना ५० पैसे मिळतात. मग तेच ४८,००० पॉइंट २४,००० रुपयांचे होतात. २०% च्या टप्प्यात आणि ४% उपकर धरून कर ४,९९२ रुपये. रक्कम मोठी नाही, पण शून्यही नाही. आणि पॉइंटांची किंमत कशी मोजायची याचा ठरलेला नियम नसल्यामुळे, जी किंमत तुम्हाला प्रत्यक्षात मिळाली ती धरणं मला सरळ वाटतं.

कातळसडा
साहेब, एक उपप्रश्न. माझी फक्त स्वतःची बाग. विकत घेऊन विकणं नाही. औषधं आणि खतं कार्डावर घेतो. मला काय लागू?

जमाखर्च
स्वतःच्या बागेतला आंबा स्वतः विकलात तर ते शेतीचं उत्पन्न, कलम १०(१) खाली करमुक्त. फवारणीच्या खर्चावर सूट मिळाली तर करमुक्त उत्पन्नाचाच खर्च कमी झाला. तुम्हाला काही करायचं नाही.

पण कॅनिंग करून डबे विकत असाल तर प्रक्रियेचा नफा धंद्याचा. आणि दुसऱ्याच्या झाडावरचं तयार फळ नुसतं विकत घेऊन विकलं तरी ते शेतीचं उत्पन्न होत नाही, कितीही वर्षं ती बाग घेत असलात तरी. कोकणात याच जागी लोक चुकतात. रातांबाताईंकडे दोन्ही आहे, स्वतःची कलमं आणि विकतचा माल. त्यांनी कार्डाचा खर्च या दोन भागांत वेगळा लिहिलाय का, हे बघायला हवं.

तिसरीमोरी
वाचनखूण साठवली. कोणी तरी आंबा बागायतदाराच्या नजरेतून हे लिहिल्याचं पहिल्यांदा वाचतेय.

कोकणकन्या_एस५
अवांतर: आम्ही विमानाच्या वाटेला जात नाही. एसबीआयचं आयआरसीटीसी कार्ड आहे, १ पॉइंट म्हणजे १ रुपया, तिकीट काढतानाच वापरता येतो. गणपतीला आणि शिमग्याला घरची सहा माणसं गावी जातो, पॉइंट त्यातच संपतात. मैल नाहीत, भागाकार नाही. मात्र आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही. नोव्हेंबर २०२४ पासून. हे विसरून आमच्या शेजाऱ्यांनी उगाच घाई केली होती.

वाशिष्ठीकाठ
मी माझा अनुभव लिहितो, कारण इथले तरुण लोक वाचत असतील.

पॉइंट जमवायच्या नादात मी वाडीतल्या लोकांची खरेदी माझ्या कार्डावर करायला लागलो. कुणाचा फ्रीज, कुणाची गाडीची पहिली रक्कम, पुतण्याच्या दुकानाचा माल. ते मला रोख द्यायचे किंवा खात्यावर टाकायचे, मी बिल भरायचो. एका वर्षात १३ लाखांचं बिल भरलं गेलं आणि माझं विवरणपत्र साडेसहा लाखांचं. वर्षाला १० लाख किंवा त्याहून जास्त कार्डाचं बिल भरलं, किंवा १ लाख रोखीने भरलं, की बँकेला ते आयकर खात्याला कळवावंच लागतं. तुमच्या वार्षिक माहिती विवरणात ते दिसतं. मला विचारणा आली.

पैसे ज्याचे त्याचे होते, लपवलेलं काही नव्हतं, पण सिद्ध करायला चार महिने गेले. फ्रीजवाल्याने बिल फेकून दिलेलं. एकाने रोख दिलेले, त्याला तारीख आठवेना. बायको रात्री बसून वहीत नावं जुळवत होती. शेवटी मिटलं, दंड झाला नाही. पण त्या चार महिन्यांत मला नीट झोप लागली नाही हे खरं सांगतो. मिळालेले पॉइंट साधारण ७,००० रुपयांचे.

दुसऱ्याचा खर्च स्वतःच्या कार्डावर करू नका. सख्ख्या भावाचाही करू नका.

रातांबा
@वाशिष्ठीकाठ काका, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझं वर्षाला ९ लाखांच्या आसपास आहे आणि सगळं माझंच. पण भावजयीचं वॉशिंग मशीन घेणार होते या महिन्यात. नाही घेणार.

डोंगरपाळ
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळेना म्हणून मी लिहितो. कामासाठी बरीच वर्षं फिरतोय, मैलांचा हिशेब हाताने करत आलोय.

ताई, आधी हे पक्कं करा: पॉइंट एकदा विमान कंपनीकडे गेले की परत येत नाहीत. त्यामुळे आधी जागा शोधायची, मग पॉइंट हलवायचे. मैलांवर मिळणाऱ्या जागा प्रत्येक विमानात मोजक्या असतात. एप्रिल-मेच्या सुट्टीत तर शोधूनही मिळत नाहीत. काही कंपन्यांकडे पॉइंट लगेच पोचतात, काहींकडे पोचायला दिवस लागतात, आणि तेवढ्यात ती जागा जाते.

मैलांवरचं तिकीट पूर्ण फुकट नसतं. विमानतळाचे कर आणि आकार रोख भरावेच लागतात. म्हणून एका मैलाची किंमत अशी काढायची: रोखीच्या तिकिटाची किंमत, त्यातून मैलांच्या तिकिटावर भरावे लागणारे कर वजा, आणि भागिले मैल.

समजा एका बाजूचं तिकीट रोखीने १६,००० आहे. मैलांवर घेतलं तर २०,००० मैल आणि वर ४,००० रुपये कर. म्हणजे १२,००० भागिले २०,०००, एक मैल ६० पैशाला पडला. पण तुमच्या बँकेत २ पॉइंटांना १ मैल. म्हणजे एक पॉइंट ३० पैशाला गेला! तोच पॉइंट बँकेच्या संकेतस्थळावर ५० पैशाला चालतोय. साध्या वर्गाच्या जवळच्या प्रवासाला मैल करणं तुम्हाला तोट्याचं आहे.

मैलांचा खरा फायदा बिझनेस क्लासमध्ये आणि लांबच्या प्रवासात. तिथे एका मैलाला सव्वा-दीड रुपया मिळताना मी पाहिलंय. तुमच्या २:१ च्या कार्डावर एक मैल १ रुपयाच्या वर गेला तरच हलवण्यात अर्थ आहे.

खाजणवाट
@डोंगरपाळ, हे गणित बरोबर, पण एक बाजू राहिली. रोखीचं तिकीट सुट्टीत दुप्पट होतं, मैलांचा दर बऱ्याच कंपन्यांत तेवढा वाढत नाही. ऐन वेळी दादरला कोणी आजारी आहे म्हणून मोप्याहून मुंबईला जायचं झालं, तेव्हा मैलांनीच मला वाचवलं. थोडे मैल साठवून ठेवावेत.

डोंगरपाळ
साठवणं हेच मला पटत नाही. किंगफिशरचं ऑक्टोबर २०१२ मध्ये उडणं थांबलं, त्यांच्या सभासदांचे मैल तिथेच राहिले. १७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली. जेटची मैलांची योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून ते मैल टिकले, नाव बदलून इंटरमाइल्स झालं, पण ज्या विमानासाठी ते जमवले ते विमानच राहिलं नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांचे पॉइंट महाराजा क्लबमध्ये गेले. तिथे कोणाचं बुडालं नाही, पण नियम आणि दर नवे झाले. मैल हे चलन नाही, ते छापणाऱ्याच्या हातात त्याची किंमत असते. मिळाले की वापरावेत.

सुरुबन
अवांतर: मोपा म्हणताय, पण ताई देवगडच्या. त्यांना सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ जवळ. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचं उद्घाटन झालं तेव्हा मी गावीच होतो, आख्खा जिल्हा आनंदात होता. पण मुंबईचं विमान पुढे टिकलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

आगरातला
चिपीचा नाव काढू नको. म्हातारी अजून विचारता, इमान कधी परत येतला.

पालशेतकर_न्यूजर्सी
मूळचा गुहागर तालुक्यातला, इथे २० वर्षं. अमेरिकेतली पद्धत सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल. खर्च करून मिळालेले पॉइंट म्हणजे खरेदीवरची सूट, त्यावर सहसा कर नाही. कामाच्या प्रवासातले मैल स्वतःसाठी वापरले तरी त्यावर कर मागणार नाही असं इथल्या कर खात्याने २००२ मध्ये जाहीर केलं. पण काहीही खर्च न करता, नुसतं खातं उघडलं म्हणून मिळालेल्या पॉइंटांना उत्पन्न धरलं जातं. तशा एका खटल्यात २०१४ ला कर न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे खर्चाशी बांधलेलं ते सूट, खर्चाशिवाय आलेलं ते उत्पन्न. जमाखर्च साहेबांच्या म्हणण्याच्या मुळाशी हेच दिसतंय.

जमाखर्च
बरोबर. फक्त तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, विचार करायला उपयोगी आहे. ओळखीच्याला कार्ड घ्यायला लावलं म्हणून बँक जे पॉइंट देते, त्यात तुमची खरेदी नसते. ते सूट म्हणता येणार नाहीत, ते मी उत्पन्नात धरतो.

रापण
माझ्या मासळीवालीकडे क्यूआर आहे. यूपीआयवर रुपे क्रेडिट कार्ड जोडलंय, पण तिच्याकडे चालत नाही. किराणा दुकानात चालतं. असं का?

खाजणवाट
तिचा क्यूआर स्वतःच्या बचत खात्याचा असणार. क्रेडिट कार्ड फक्त व्यापारी म्हणून नोंदलेल्या क्यूआरवर चालतं, माणसाकडून माणसाला पाठवता येत नाही. तिला बँकेतून व्यापारी क्यूआर करून द्या. छोट्या व्यापाऱ्याला २,००० पर्यंतच्या व्यवहारावर कापलं जात नाही.

उंबरठा
एक सांगावंसं वाटतं. आमच्या वडिलांच्या कार्डावर दीड लाखाच्या आसपास पॉइंट होते. आईला काशीला न्यायचं म्हणून जमवत होते. खूप काटकसरीचा माणूस, कार्डसुद्धा मी आग्रह केला म्हणून घेतलं. दोन वर्षांपूर्वी गेले. माझं जोडकार्ड होतं, मला वाटलं पॉइंट माझ्याकडे येतील. बँकेने सांगितलं, मूळ कार्डधारक गेला की खातं बंद आणि पॉइंट रद्द. नियमांत तसं लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. पैशाला वारस लागतो तसा पॉइंटांना लागत नाही.

पैशाचं काही नाही. पण ते जमवताना रोज मोबाइलवर मला आकडा दाखवायचे, ते आठवतं. रातांबाताई, आईला या वर्षीच न्या.

तिसरीमोरी
@उंबरठा 🙏

रातांबा
@उंबरठा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, नंतर स्वतः पासपोर्टचा कागद शोधायला लागली.

जमाखर्च साहेब, सांगायचं राहिलं होतं. मी विवरणपत्र ४४एडी मध्ये भरते. आमचे इथले कर सल्लागार उलाढालीवर टक्का लावून नफा दाखवतात, खर्चाच्या पावत्या वेगळ्या लावत नाहीत. त्याने काही फरक पडतो का?

जमाखर्च
ताई, हे पहिल्याच दिवशी लिहिलं असतंत तर माझी तीन परिच्छेदांची मेहनत वाचली असती. :) फरक पडतो, आणि बराच पडतो.

४४एडी मध्ये नफा अंदाजाने धरतात: बँकेतून आलेल्या विक्रीवर ६%, रोखीवर ८%, किंवा त्याहून जास्त असेल तर तो. हा नफा कलम २८ ते ४३सी बाजूला ठेवून ठरतो. म्हणजे तुम्ही खोक्यांचे १०० रुपये वजावट म्हणून घेतलेलेच नाहीत, मग त्यातले २ परत आले म्हणून कमी कशातून करणार? २८(४) सुद्धा त्याच बाजूला ठेवलेल्या कलमांत येतं. आणि बँकेने दिलेली सूट ही तुमची विक्री नव्हे, म्हणून उलाढालीतही धरायची नाही. माझ्या मते या पॉइंटांवर तुम्हाला वेगळा कर भरायचा नाही. स्वतःच्या कलमांचा खर्च शेतीत गेला, तिथेही काही नाही.

मात्र पुढे उलाढाल वाढून नियमित हिशेबात आलात तर वर लिहिलेलं सगळं लागू होईल. तेव्हा धंद्याचं एक कार्ड आणि घरचं एक कार्ड आतापासूनच वेगळं करा.

सुरुबन
म्हणजे पहिल्या दिवशी मी म्हणालो तेच झालं की. कर नाही.

जमाखर्च
उत्तर तेच, कारण वेगळं. आणि कातळसड्यांना, ताईंना आणि कॅनिंगवाल्याला तीन वेगळी कारणं. पेढे मात्र तुम्हाला देतो.

डोंगरपाळ
ताई, तिकीट काढण्याआधी एक तपासा. आईंचं नाव पासपोर्टवर कसं आहे? आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असतं आणि मग आडनाव. तिकिटावर ते जसंच्या तसं टाका. आमच्या आत्याचं मधलं नाव एकीकडे होतं, एकीकडे नव्हतं, विमानतळावर दोन तास गेले. आणि बँकेच्या संकेतस्थळावरची किंमत विमान कंपनीच्या स्वतःच्या किमतीशी ताडून बघा, कधी कधी तिथे जास्त लावलेली असते.

रातांबा
काल रात्री केलं.

मैल केले नाहीत. डोंगरपाळ दादांच्या पद्धतीने मांडून बघितलं, पॉइंट ३४ पैशाला जात होता. बँकेच्या संकेतस्थळावर दोघींचं जाऊन-येऊन ५७,४०० झालं. विमान कंपनीच्या किमतीपेक्षा ६०० जास्त होतं, तरी घेतलं. ४८,००० पॉइंटांचे २४,००० वजा झाले, उरलेले ३३,४०० आणि पॉइंट वापरायचा आकार कार्डावर. थेट विमान आहे, आईला मध्ये उतरायला नको. पासपोर्टवर आईच्या नावापुढे बाबांचं नाव आहे, तिकिटावर तसंच टाकलं आणि तीनदा वाचलं.

घरखर्चाचं कार्ड वेगळं करायचा अर्जही दिला.

ऑक्टोबरमध्ये निघतोय, म्हणजे मोहोराच्या आधी परत. आईचं आता एकच चाललंय: तिकडे सोलं आणि कुळथाचं पीठ नेता येतं का? सिंगापूरला काय चालतं काय नाही, कोणी नेलंय का?

पालशेतकर_न्यूजर्सी
सिंगापूरचं माहीत नाही, इथे मी दरवर्षी सोलं आणतो. सीलबंद पाकीट, वर नाव लिहिलेलं, आणि विचारलं तर सरळ सांगायचं.

कोकणकन्या_एस५
ताई, कणकवलीहून मुंबईचं तिकीट काढलंत का? तुमच्या तारखेला ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडेल. आईंना खालचा बर्थ मागा, ज्येष्ठ नागरिक म्हणून नोंद करा.

रातांबा
नाही काढलं! तारीख लिहून ठेवली. पॉइंट संपले, हे रोखीने.